यंत्रमागाच्या शेडचे घर करताना

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे गल्लोगल्ली मागांचे कारखाने उभे राहिले. माग विकले गेले, की रिकाम्या शेडमध्येच राहते घर करावे, असे अनेक कुटुंबांच्या मनात येते. जागा हक्काची, छत उंच. विचार योग्यच आहे. परंतु तेथे वृद्ध आईवडील दिवसभर राहणार असतील, तर कामास हात घालण्यापूर्वी आरोग्याची बाजूही पाहावी.

प्रथम छप्पर. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडले, कापले वा त्यांना छिद्रे पाडली, की सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात. त्यांतून उद्भवणारा कर्करोग अनेक वर्षांनी प्रकट होतो. म्हणून जाणकार कारागिरांकडून पत्रे ओले करून अखंड उतरवून घ्यावेत. त्या काळात घरातील कोणीही तेथे थांबू नये. तुळयांवर साचलेली कापसाची धूळ झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. वार्धक्यात तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असल्यास शरीरातील पाणी आणखी घटते. नव्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर, वरून पांढरा परावर्तक रंग आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली एवढ्यानेही खोली कमी तापते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. मात्र खोलीत ४० अंशांहून अधिक तापमान असेल, तर पंख्यावर विसंबू नये. ज्येष्ठांना थंड जागी न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे.

वीज वाचवण्याच्या भरात घर पूर्ण बंदिस्त करू नका. समोरासमोरच्या खिडक्या हव्यात. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर जीवघेणा ठरू शकतो. त्याऐवजी सौर बंब बसवावा.

मागांच्या पायाचे खड्डे बुजवून जमीन सपाट करा, तेलकट फरशी बदला. शौचालय पलंगाजवळ असावे, तेथे आधाराची दांडी आणि रात्री मंद एलईडी दिवा असावा. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांना कमी ऐकू येते. त्यांच्यासाठी दारावरच्या घंटीसोबत दिवाही लागेल, अशी सोय करा.

आणि हो, आराखडा ठरवताना आजोबांना विचारा. शेडचा कोणता कोपरा तापतो आणि पावसाळ्यात कोठे गळते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.