बॅटरीचा जमाखर्च

सोलापूर-हैदराबाद महामार्गापासून थोडे आत, उमरगा तालुक्यात कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेल्या मुरुमसारख्या गावात व्यापाऱ्याच्या मोटारीची दिनचर्या मोठी विषम असते. एरवी घर, दुकान आणि मोंढा अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या. मध्येच सोलापूर, लातूर किंवा कुंथलगिरीचा लांबचा प्रवास. आणि चातुर्मासात प्रवास आवरते घेतले की आठवडेच्या आठवडे अंगणात विश्रांती. मग एखाद्या सकाळी किल्ली फिरवावी, तर आतून केवळ ‘टक टक’ असा क्षीण आवाज येतो.

‘बॅटरी गेली’ असा निवाडा घरात तत्काळ होतो. काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी येते आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तोच आवाज ऐकू येतो. दुकानात शिल्लक कमी भरली, तर कोणताही जाणता व्यापारी प्रथम तिजोरी बदलत नाही. तो कीर्द उघडतो. बॅटरी ही तिजोरीच होय. तिच्यातील आवक अल्टरनेटरकडून होते, जावक सेल्फ, दिवे आणि वातानुकूलन यंत्राकडे जाते. आणि काही रक्कम नकळत गळतही असते. हा हिशेब मांडण्यास काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे.

तपासणीपूर्वी थोडी सावधगिरी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी, उदबत्ती किंवा निरांजन नको. आतले द्रव गंधकाम्ल आहे. मुलांना दूर ठेवावे. हातातील अंगठी, कडे उतरवावे. तारा सोडवताना ऋण टोक आधी सोडवावे, जोडताना ते शेवटी जोडावे.

आता प्रारंभीची शिल्लक. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरावा. सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. 12 आणि 12.6 यांतील अंतर कागदावर क्षुल्लक वाटते, परंतु सारा व्यवहार तेवढ्यातच असतो. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर मात्र ती खरोखरच थकली आहे असे समजावे. मराठवाड्यातील उन्हाळा तिला लवकर थकवतो. बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा उष्णता अधिक कुरतडते, थंडी केवळ ते उघडकीस आणते.

नंतर आवक. इंजिन सुरू करून पुन्हा मीटर धरावा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे. आकडा बारावरच रेंगाळून हळूहळू उतरत असेल, तर आवक बंद आहे. पंधराच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उकळून आटत आहे. अलीकडच्या काही गाड्यांत मात्र संगणक इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. अशा गाडीत हेडलाइट व पंखा लावून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून आकडा पुन्हा पाहावा आणि मगच मत बनवावे.

आवक नाही असे दिसताच अल्टरनेटर बदलण्याचा सल्ला मिळतो. येथेच घाई महाग पडते. प्रथम पट्टा पाहावा: तो सैल आहे का, गुळगुळीत होऊन घसरतो आहे का? किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का? जुन्या धाटणीच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा प्रवाह या दिव्यातूनच जातो. दिवा गेला, तर निरोगी अल्टरनेटरही झोपून राहतो. काही रुपयांचा बल्ब आणि काही हजारांचे यंत्र, यांतील फरक या एका नजरेवर ठरतो.

त्याहून फसवा दोष वाटेतला. अल्टरनेटर 14.3 व्होल्ट देतो, पण बॅटरीपर्यंत 13.2 च पोहोचतात. जणू माल पूर्ण निघाला आणि गोदामात कमी उतरला. इंजिन सुरू असताना मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर ठेवावी. सैल कपडे, ओढणी आणि बोटे पट्ट्यापासून दूर असावीत. आकडा 0.2-0.3 व्होल्टहून अधिक आला, तर तार किंवा सांधा खराब आहे. तसेच बॅटरीचे ऋण टोक आणि अल्टरनेटरचे धातूचे अंग यांच्यातही पाहावे. तेथे चूक निघाली, तर अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. टोकांवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल, तर तारा सोडवून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावे, कोरडे करून घट्ट आवळावे. सोड्याचे पाणी सेलमध्ये मात्र जाता कामा नये. कित्येक ‘गेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यानेच परत येतात.

एक जुनी रीत मात्र कटाक्षाने टाळावी. चालू इंजिनात बॅटरीची तार काढायची, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, अशी परीक्षा काही ठिकाणी अजून होते. 1882 मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्या कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्यांत डायनॅमो असे, आणि ही रीत त्याच काळातली आहे. अल्टरनेटरच्या गाडीत तार काढताच दाब एकाएकी उसळतो आणि डायोड, प्रसंगी संगणकही जळतो.

आवक ठीक असूनही सकाळी शिल्लक घटत असेल, तर गळती शोधावी. ऋण तार सोडवून मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे. मीटर मध्ये असताना सेल्फ मुळीच मारू नये. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य आहे. तो अधिक असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा घसरतो, त्या वाटेवर चोर आहे. डिकीतला न विझणारा पाच वॅटचा दिवा 35 अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी करतो.

आणि सामान्य मानलेले 50 मिलिअँपिअर? दिवसाला 1.2 अँपिअर-तास, तीस दिवसांत 36. म्हणजे कोणताही बिघाड नसतानाही, अंगणात महिनाभर उभ्या असलेल्या लहान गाडीची सारी पुंजी संपू शकते. चातुर्मासात आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून दहा मिनिटे जागेवरच घुरघुरवल्याने ती तूट भरत नाही. तिला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावे, नाहीतर ऋण तार सोडवून ठेवावी. त्याने फारतर घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागतो.

महामार्गावर अडचण आलीच, तर मदतीला धावणारा ट्रकवालाच असतो. ट्रकची यंत्रणा बहुधा 24 व्होल्टची असते. तिला मोटारीच्या 12 व्होल्टशी जोडणे धोक्याचे. दुसरी मोटार किंवा 12 व्होल्टचा ट्रॅक्टर शोधावा. गाडी सुरू होऊन घरी पोहोचली, तरी बॅटरी भरली असे समजू नये. 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन-चार अँपिअरच्या चार्जरवर, हवेशीर जागी, पूर्ण रात्र द्यावी. सकाळी चार्जर काढून दोन-तीन तासांनी मीटर धरावा. आकडा टिकला नाही, तर लिहून ठेवलेल्या सर्व नोंदी घेऊनच विक्रेत्याकडे जावे. वॉरंटीचा वाद त्यामुळे लवकर मिटतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता त्याच विक्रेत्याला परत करावी. शिशाच्या पुनर्वापराची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, आणि जुन्या बॅटरीचे पैसेही नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात.