खडीतलं पीक

पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं. वसतिगृहाच्या न्हाणीघरात पहिली बादली वाजते तेव्हा मी चेंबरचं झाकण सरकवून उकिडवा बसलेला असतो. फेब्रुवारीतली थंडी अजून अंगाला लागते. दीडशे मुलं. साडेपाच ते सातमध्ये सगळ्यांच्या आंघोळी उरकतात आणि दिवसाच्या पाण्यातलं निम्मं त्या दीड तासात खाली येतं. बॅटरी लावण्याआधी मी कान देतो. पाइप मोकळा असला तर पाण्याचा आवाज एकसारखा, भरीव येतो. कुठे बोळा अडकला असेल तर ते गुटगुट करतं, थांबतं, मग एकदम धाडकन येतं. आज आवाज चांगला आहे.

हे पाणी आधी सेप्टिक टाकीत जातं, जड ते तळाशी बसतं, आणि वरचं पाणी माझ्या वाफ्यात येतं. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, खाली जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर साठ सेंटिमीटर खडी. दोन्ही टोकांना चाळीस मिलिमीटरची जाड खडी, मध्ये बारीक. आणि सगळ्या वाफ्यात कमरेच्या वर गेलेलं छत्रीगवत. नर्सरीवाले त्याला अंब्रेला पाम म्हणतात, पण ते पाम नव्हे आणि खरं म्हणजे गवतही नव्हे. ते लव्हाळ्याचं भावंड आहे. रोज साधारण बारा हजार लिटर पाणी या खडीतून जातं. खडीतली पोकळी छत्तीस हजार लिटरची, म्हणजे आज पहाटे शिरलेलं पाणी तिसऱ्या दिवशी पलीकडे निघतं. वाफ्यावर उभं राहिलं तर पाणी कुठे दिसत नाही. ते खडीच्या वरच्या थराखाली चार बोटं असतं. दिसलं तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. पाणी झाकलेलं म्हणून डास नाहीत, घाण वास नाही.

सव्वासात. भटारखान्यामागची तेलाची कुंडी. मावशी पोह्यांची कढई घासून पाणी सोडतात, ते थेट वाफ्याकडे न जाता आधी या कुंडीत येतं. तवंग वर तरंगतो, खालचं पाणी पुढे जातं. तो तवंग रोज काढायचा. गार सकाळी तो साय धरल्यासारखा घट्ट असतो, झाऱ्याने पटकन निघतो. नऊनंतर उन्हाने पातळ झाला की हातातून निसटतो.

"आज पुऱ्या आहेत दुपारी," मावशी आतून सांगतात.

"मग संध्याकाळी पुन्हा येतो."

"कढईतलं तेल मी वेगळं काढून ठेवते की. नळाखाली नाही ओतत आता."

हा "आता" फार महागात पडलेला आहे. दुसऱ्या वर्षी भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेलो आणि कुंडी कुणाकडे सोपवून गेलो नाही. पुढचे दोन महिने माझं लक्ष ढिलं राहिलं. तेल वाफ्याच्या तोंडाशी खडीत जाऊन बसलं, पाणी वर आलं, वास सुटला, मुलांनी नाकं धरली. शेवटी पहिली दोन मीटरची पट्टी आम्ही फावड्याने उपसली. खडी काळी कुळकुळीत, बोटांना चिकट. घमेल्याघमेल्याने धुतली, उन्हात पसरली, परत भरली. सहा दिवस, चार माणसं. वाफ्याला देखभाल लागत नाही असं कुणी सांगितलं की मला ती खडी आठवते. या वाफ्याला मोटर नाही, वीज नाही, हे खरं. पण माणूस रोज लागतो.

न्हाणीघर धुणाऱ्या ताईंशीही याच वेळी दोन शब्द होतात. अ‍ॅसिडची बाटली संडासात ओतायची नाही, ब्रश मारायचा. खडीच्या अंगावर जिवाणूंचा जो बुळबुळीत थर असतो, तोच पाण्यातली घाण खातो. अ‍ॅसिडने तो मरतो, आणि मग हिरवंगार गवत वर डोलत असलं तरी खालून घाण पाणी जसंच्या तसं बाहेर पडतं.

साडेआठ. बूट घालून वाफ्यात शिरतो. आमचं शेत कृष्णाकाठचं, उसाचं. वडलांचा अर्धा जन्म लव्हाळा उपटण्यात गेला. वरून ओढला की पात तेवढी हातात येते. खाली गाठ राहते, गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. खुरपं घेऊन फूटभर खाली गेलो तरी कुठेतरी एक गाठ उरतेच, आणि पहिल्या पावसाला ती वर येते. त्याच गणगोतातल्या नागरमोथ्याच्या गाठी दिवाळीच्या उटण्यात पडतात. तोच वास अभ्यंगाला गोड लागतो आणि बांधावर डोकं उठवतो. वडील एकदा इथे आले होते. वाफ्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही उपटला, तू लावतोस." नंतर वाकून त्यांनी एक दांडा चिमटीत धरून फिरवला आणि लगेच ओळखला.

ओळखायची खूण बोटांतच आहे. दांडा छत्रीच्या जरा खाली धरून फिरवायचा. गोल लागत नाही, बोथट का होईना, तीन अंगं लागतात. लव्हाळ्याचा दांडा तर चक्क तीनधारी. मग वरपासून खालपर्यंत बोट ओढायचं. उसाला पेरं, ज्वारीला पेरं, बांबूला पेरं. याला एकही पेर नाही. बुडाशी तपकिरी म्यान, वर पानांची छत्री, मध्ये सरळ नितळ दांडा. नखाने उभा चिरला तर आत पांढरा, भुसभुशीत गाभा. त्या गाभ्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. चिखलात उभ्या राहणाऱ्या झाडाचं मूळ गुदमरू नये म्हणून त्यांतूनच हवा खाली उतरते. त्यातली थोडी मुळाबाहेरही झिरपते आणि मुळाभोवतीच्या जिवाणूंना मिळते. वसतिगृहाच्या फाटकाजवळ पाटी आहे, "वनस्पती पाणी शुद्ध करतात." मला ती अर्धीच खरी वाटते. झाड स्वतः खातं थोडं, बाकीचं काम खडीवरचे जिवाणू करतात. पण मुळं खडीत वाट मोकळी ठेवतात, जिवाणूंना घर देतात. खडी नुसती असती तर एवढं जमलं नसतं.

रोजची फेरी पाहण्याची. पिवळी पडलेली छत्री कुठे, मध्येच उगवलेली रुई कुठे, उंदराने खडी उकरली आहे का. वाफ्याच्या कडेला बी पडून उगवलेली छत्रीगवताची पिल्लं दिसली की उपटून टोपलीत टाकतो. हे झाड मूळचं आफ्रिकेकडचं, आपल्या ओढ्यात गेलं तर तिथलं सगळं दाबून टाकील. म्हणून कापलेलं, उपटलेलं काहीही पाण्याच्या वाटेला टाकायचं नाही, हा नियम मी फार कडक पाळतो.

दहा वाजता कापणी. आज तिसऱ्या पट्टीची पाळी. वाफ्याच्या चार पट्ट्या पाडल्या आहेत. एका वेळी एकच कापायची, दुसरी कापायला किमान तीन आठवडे जाऊ द्यायचे. सगळा वाफा एकदम भादरला तर खाली मुळांना हवा पोचवणारं काही उरत नाही. विळा धारदार हवा, दांडा चेचला की बुडापासून सडतो. खडीपासून वीतभर वर कापतो, म्हणजे कापलेलं तोंड पाण्याच्या वर राहतं. डाव्या हातात मूठभर दांडे, उजव्या हाताने एक ओढ. हातमोजे घातलेले असतातच, सांडपाण्याचा वाफा आहे. बारापर्यंत चाळीसेक पेंढ्या होतात. कापून न्यायलाच हव्यात. तिथेच वाळून पडल्या तर झाडाने पाण्यातून उचललेलं सगळं पुन्हा पाण्यात जाईल.

पेंढ्यांचं काय करतो? जनावरांना घालत नाही. चार दिवस उन्हात वाळवून केळीच्या आणि नारळाच्या आळ्यात जाड थर देतो. गाभा स्पंजासारखा असल्याने ओल धरून ठेवतो, वरून दांडा चिवट असल्याने लवकर कुजत नाही. गेल्या उन्हाळ्यात आच्छादन घातलेल्या केळीला पाणी एक दिवसाआड दिलं तरी पान कोमेजलं नाही. लांब, सरळ दांडे निवडून बाजूला ठेवतो. ओलसर असताना ते दोरीसारखे वळतात, वेलाला मांडवावर बांधायला सुतळी आणत नाही. चटईही विणून पाहिली होती. पहिल्या आठवड्यात छान दिसली, मग घडीवर मोडली. चटईला लागतो तो लव्हाळा वेगळा. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ पत्तमडै नावाचं गाव आहे, तिथे ताम्रपर्णीच्या काठची कोरै चिरून, वाळवून, वाहत्या पाण्यात भिजवून इतकी तलम चटई विणतात की ती कापडासारखी गुंडाळता येते. बंगालात मेदिनीपूरकडे मादुरकाठी तर पिकासारखी शेतातच लावतात. तीही याच कुळातली.

दुपारी जेवणाआधी एक नाजूक काम. कापलेल्या दांड्यांतल्या निरोगी छत्र्या निवडायच्या, खाली दोन बोटं दांडा ठेवून कापायच्या. मग कात्रीने छत्रीची पानं निम्मी छाटायची आणि छत्री उलटी करून बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडायची. पानं खाली, दांडा वर. पहिल्यांदा शिकवतो तेव्हा प्रत्येक जण ती सुलटी करायला जातो. पण कोंब फुटतात ते पानांच्या बेचक्यातून, आणि तिथे पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. दांडा पाण्यात झुकून छत्री चिखलाला टेकली की तिथे नवं झाड होतं, ही या झाडाची जुनीच रीत. आपण बादलीत तेवढंच करतो.

तीन वाजता नववीचा वर्ग येतो, विज्ञानाचा तास वाफ्याकाठी. एका मुलीने आज विचारलं, "काका, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं?"

मला हा प्रश्न आवडतो. केटे झायडेल नावाच्या जर्मन बाईंना. जर्मनीत प्लॉनच्या माक्स प्लांक संस्थेत १९५०च्या दशकात त्या तळ्याकाठचा एक लव्हाळा घेऊन बसल्या. जर्मन लोक त्याच्या चटया, खुर्च्यांच्या बैठका विणत आले, म्हणून त्याचं तिथलं नावच विणायचा लव्हाळा असं आहे. त्याच्यावर त्यांचा प्रबंध १९५५चा. हा लव्हाळा फिनॉलसारखं विषही पाण्यातून कमी करतो, हे त्यांनी दाखवलं. सांडपाण्याचं काम झाडांवर सोपवायचं ही गोष्ट तेव्हाच्या अभियंत्यांना पटली नाही, पण त्या वर्षानुवर्षं वाफे करत राहिल्या. पुढे राइनहोल्ड किकुथ यांच्या पद्धतीचा मोठा वाफा १९७४ साली ओथफ्रेझन गावात सुरू झाला. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने फायटोरिड नावाने अशीच रीत बसवली. मुली वहीत लिहून घेतात. मी म्हणतो, लिहा, पण आधी हा दांडा फिरवून बघा. मग ती तीन अंगं सापडल्याचा गलका होतो.

साडेपाच. बाहेरच्या चेंबरमध्ये एक साधा पीव्हीसी एल्बो आहे, दोन बोटांनी फिरणारा. उभा केला की वाफ्यातली पातळी वर येते, तिरका केला की उतरते. पहिल्या वर्षी मी तो जूनपासून तसाच उभा ठेवला, आणि मुळं वरच्या वीतभर खडीतच पसरून बसली. आता दर पंधरवड्याला दोन दिवस पातळी हातभर उतरवतो. पाणी खाली गेलं की मूळ त्याच्या मागे जातं. गेल्या महिन्यात कडेला खणून पाहिलं तर चाळीस सेंटिमीटरवर पांढरी, ताजी मुळं होती. आज एल्बो तिरका करायचा दिवस आहे. फिरवताना जरा अडतो, मग पाणी भसकन वाढतं.

त्याच पाण्याची काचेची बाटली भरतो. तिच्यामागे वर्तमानपत्र धरायचं. मथळा नाही, बातमीतली बारीक ओळ वाचता आली पाहिजे. आज वाचता येते. वास घेतला तर कुबट नाही, पावसानंतरच्या मातीचा आहे. तरीही हे पाणी पालेभाजीला देत नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात राहू शकतात. ते केळीला, नारळाला, कुंपणाच्या शेवग्याला जातं, तेही पाटाने, फवाऱ्याने नाही. मग मावशींकडची कुंडी पुन्हा एकदा. पुऱ्यांचा तवंग खरंच कमी आहे.

रात्री नऊ. मुलं अभ्यासिकेत. पडवीत बादल्या ओळीने मांडल्या आहेत. बारा दिवसांपूर्वी सोडलेल्या छत्र्यांना बोटभर मुळं आणि हिरवे सुईसारखे कोंब आलेत. उद्या सकाळच्या एसटीने त्या शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत जाणार आहेत. त्यांचा वाफा खडी भरून तयार आहे. साठ छत्र्या मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, मुळं आतल्या बाजूला. दुपारी सोडलेल्या छत्र्यांच्या बादलीवर खडूने आजची तारीख लिहितो. गोणपाटावर पुन्हा एकदा पाणी शिंपडून ते दारापाशी ठेवतो. एसटी पावणेसातला सुटते, आणि त्याआधी चेंबरचा आवाज ऐकायचा आहे.