रोहिणीताईंची वयं

'अग्निपथ' 1990 साली आला. त्यात विजय दीनानाथ चव्हाणच्या आईचं काम रोहिणी हट्टंगडी यांनी केलं. ही आई आपल्या मुलापेक्षा, म्हणजे अमिताभ बच्चन यांच्यापेक्षा, साडेआठ वर्षांनी लहान होती! पुढच्याच वर्षी 'सीतारामय्यगारी मनवरालू' या तेलुगू चित्रपटात त्या अक्किनेनी नागेश्वर राव यांची पत्नी झाल्या. तिथे नवरा पंचवीसहून अधिक वर्षांनी मोठा. आणि या दोन्हींच्या आधी, 1984 साली, 'सारांश' आला होता. शिवाजी पार्कचे निवृत्त मुख्याध्यापक प्रधान आणि त्यांची पत्नी पार्वती, परदेशात मुलगा गमावलेलं म्हातारं जोडपं. पार्वती झालेल्या रोहिणीताईंचं वय होतं 33 आणि प्रधान मास्तर झालेले अनुपम खेर तेव्हा तिशीही ओलांडलेले नव्हते. दोन तरुण माणसं समोर बसून म्हातारपणाचं दुःख करत होती आणि थिएटरातली खरी म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

हे कसं जमतं, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. केस पांढरे करता येतात, सुरकुत्या रंगवता येतात. पण उठताना गुडघ्यावर हात टेकवावा लागतो, बोलायच्या आधी श्वास गोळा करावा लागतो, पाऊल टाकण्याआधी जमिनीचा अंदाज घ्यावा लागतो. ते रंगपेटीत मिळत नाही.

पण आमच्या बारामती-इंदापूरकडे कुणालाही विचारा, रोहिणीताई म्हटलं की आधी 'अग्निपथ' आठवत नाही आणि 'सारांश'ही नाही. आठवते ती 'चार दिवस सासूचे'मधली देशमुखांच्या घरातली सासू. 2001 साली ईटीव्ही मराठीवर ही मालिका सुरू झाली आणि 2013 च्या जानेवारीत संपली. भाग झाले तीन हजारांच्या वर. खरं नवल मला इथे दिसतं. चित्रपटांत ज्या बाईने काही तासांत वीस-तीस वर्षं अंगावर चढवली, तिने या मालिकेत एकही वर्ष रंगवलं नाही. ती वर्षं आपोआप आली. मालिका सुरू झाली तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या, संपली तेव्हा एकसष्ट पूर्ण झाली होती.

त्यांची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातली. 11 एप्रिल 1951 रोजी पुण्यात ओकांच्या घरी जन्म, शाळा रेणुका स्वरूप. 1971 साली त्या दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. संचालक होते इब्राहिम अल्काझी. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी जपानची काबुकी आणि कर्नाटकचं यक्षगान या शैलींतही काम केलं. या दोन्ही रंगभूमी परंपरेने पुरुषांच्या. तिथे चेहऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, पाठीचा कणा आणि तळपाय बोलतात. पुढे तिशीतल्या बाईने साठीची चाल इतकी खरी केली, त्याची मुळं मला या शिक्षणात दिसतात. वर्गातलेच जयदेव हट्टंगडी पुढे त्यांचे पती झाले आणि दिग्दर्शकही. लोर्काच्या 'येर्मा'वरून मराठीत आलेलं 'चांगुणा' आणि एकपात्री 'अपराजिता' ही दोघांनी मिळून केलेली नाटकं.

मग 'गांधी' आला. रिचर्ड अॅटनबरो यांनी 1980 च्या नोव्हेंबरमध्ये चित्रीकरण सुरू केलं तेव्हा रोहिणीताई 29 वर्षांच्या होत्या. त्यांना कस्तुरबा व्हायचं होतं, आणि तेही एका वयाची नाही. दक्षिण आफ्रिकेत नवऱ्याशी तावातावाने भांडणाऱ्या तरुण संसारी बाईपासून आगाखान पॅलेसमधल्या शेवटच्या दिवसांपर्यंत. कस्तुरबा गेल्या 22 फेब्रुवारी 1944 रोजी, पुण्यात, वयाच्या 74 व्या वर्षी. म्हणजे सात वर्षांनी ज्या गावात रोहिणीताई जन्मल्या, त्याच गावात. चित्रपट फक्त 191 मिनिटांचा, आणि तेवढ्यात एका बाईचं जवळजवळ अख्खं आयुष्य. 1983 साली ब्रिटनच्या चित्रपट आणि दूरचित्रवाणी अकादमीने सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा बाफ्ता पुरस्कार त्यांना आणि अमेरिकेच्या मॉरीन स्टेपलटन यांना विभागून दिला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत दुसऱ्या कुठल्याही भारतीय अभिनेत्रीला अभिनयाचा बाफ्ता मिळालेला नाही.

आता थोडा हिशेब करू. रोजच्या मालिकेच्या अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीसेक मिनिटं उरतात. तीन हजार भाग धरले तरी साठ हजार मिनिटं होतात, म्हणजे हजार तास. 'गांधी' तीनशेहून अधिक वेळा मावेल एवढी लांबी! आठवड्याचे सहा भाग धरले, तर मालिकेचं युनिट दर आठवड्याला एका चित्रपटाएवढं काम कॅमेऱ्यासमोर उभं करतं, आणि ते वर्षानुवर्षं. संवाद कित्येकदा त्याच दिवशी सेटवर हातात येतात. एकाच खोलीतली पुढच्या चार-पाच भागांची दृश्यं एका बैठकीत उरकतात, त्यामुळे सकाळी रुसवा, दुपारी त्याच रुसव्याचा शेवट आणि संध्याकाळी रुसवा सुरूच झालेला नाही असा प्रसंग, हा क्रम रोजचा. कुठल्या दृश्यात कुठली साडी होती, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे टिपून ठेवायला वेगळा माणूस असतो. मनात काय चाललं होतं, ते मात्र नटीलाच लक्षात ठेवावं लागतं. कमी दर्जाचं काम म्हणून याकडे बघणाऱ्यांनी एकदा ही तारेवरची कसरत पाहावी.

अशा लांबच लांब कौटुंबिक कथेचं घराणं शेतीपर्यंत पोहोचतं, हे कळलं तेव्हा मी चकित झालो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नधान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांना नव्या पद्धती सांगायच्या तर नुसती भाषणं कोण ऐकणार? म्हणून बीबीसीने 1 जानेवारी 1951 पासून रेडिओवर 'द आर्चर्स' ही एका शेतकरी कुटुंबाची मालिका देशभर सुरू केली. कृषी खात्याचा सल्ला संवादांत मिसळलेला असायचा. गोठा, पेरणी, रोगराई, आणि त्याच्याच जोडीला घरातले रुसवेफुगवे. 22 सप्टेंबर 1955 च्या रात्री या मालिकेतली ग्रेस आर्चर आगीत सापडून मरण पावली आणि देश हळहळला. नेमक्या त्याच रात्री बीबीसीची नवी स्पर्धक दूरचित्रवाणी वाहिनी सुरू होत होती, तिच्या बातम्या मागे पडल्या. मालिका आजही चालू आहे. पॅट्रिशिया ग्रीन यांनी त्यातली जिल ही भूमिका 1957 साली घेतली आणि साठ वर्षं उलटून गेल्यावरही त्यांचाच आवाज जिलचा आवाज होता. तरुण सून म्हणून आल्या, आजी-पणजी झाल्या.

दूरचित्रवाणीवर 9 डिसेंबर 1960 रोजी 'कोरोनेशन स्ट्रीट' सुरू झाली. कामगारवस्तीतल्या एका गल्लीची ही कथा. पहिल्या भागात केन बार्लो हा कॉलेजकुमार झालेले विल्यम रोच तेव्हा 28 वर्षांचे होते. नव्वदीतही ते केनच राहिले. एका माणसाचं अख्खं प्रौढपण आणि म्हातारपण एकाच नावाखाली नोंदवलं गेलं. नाटकात हे होत नाही, चित्रपटात होत नाही, कादंबरीत तर पात्राला देहच नसतो. नटाचं वय आणि पात्राचं वय एकाच घड्याळावर चालतं असा हा एकच कलाप्रकार मला माहीत आहे. आणि त्या घड्याळावर तिसरंही कुणी असतं, ते म्हणजे बघणारा.

1972 साली इकडे मोठा दुष्काळ होता. बारामती आणि इंदापूरचा जिरायती पट्टा होरपळला, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, 16 ऑक्टोबरला, ब्रिटनमध्ये 'एमरडेल फार्म' ही यॉर्कशायरच्या शेतकरी कुटुंबाची मालिका. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. आमच्याकडे ते यायचं उंच बांबूवर बांधलेल्या अँटेनाच्या जोरावर, मुंग्यांनी भरलेलं. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम बघायला चावडीवर किंवा एखाद्याच्या ओसरीवर गाव गोळा व्हायचं. आपल्याकडची शेती पडद्यावर माहितीच्या रूपाने आली आणि गोष्ट वेगळ्या दाराने आली. 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेल्या 'हम लोग' या हिंदी मालिकेचे 156 भाग झाले, आणि त्याची प्रेरणा मेक्सिकोत समाजशिक्षणासाठी केलेल्या मालिकांची होती. प्रेक्षकांनी पाठवलेल्या पत्रांचा आकडा सुमारे 4 लाख सांगितला जातो. ही पत्रं बडकीला, छुटकीला, लाजोला लिहिलेली. नटीला नव्हे, पात्राला.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 सालीच या नात्यावर लिहून ठेवलं आहे. पडद्यावरचा माणूस रोज ठरावीक वेळी घरात येतो, आपल्याकडे बघून बोलतो, त्याच्या सवयी आपल्याला पाठ होतात. तो आपल्याला ओळखत नाही हे कळत असूनही मन त्याला ओळखीच्या माणसांत टाकतं. हे मला मुळीच खुळेपणाचं वाटत नाही. ज्या बाईला अकरा वर्षं रोज पाहिलं, तिच्या हसण्यातली बनवाबनवी ओळखता येणारच. सख्ख्या नात्यातल्या कितीतरी माणसांना आपण वर्षातून दोनदा, लग्नाला नाहीतर यात्रेला भेटतो.

'चार दिवस सासूचे' चालू असताना या भागात काय काय होऊन गेलं, ते आठवून बघावं. आडसाली ऊस दीड वर्षाचा. म्हणजे या एका मालिकेच्या मुदतीत सात वेळा लावण आणि सात वेळा तोड झाली असती. सुरुवातीलाच 2003 चा दुष्काळ, शेवटी 2012 चा. मधली कितीतरी वर्षं भारनियमनाची. कृषिपंपाला वीज रात्रीची, तेव्हा गडी माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला शेतावर आणि घरात टीव्हीपुढे सासू, सून, शाळेतली पोर. वीज गेली तर तो भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायचा तेव्हा बघायचा, तोही चुकला तर ज्या वाडीत वीज होती तिथलं कुणीतरी तोंडी सांगायचं. आणि सांगणारी बाई नुसती घटना सांगत नसे, निवाडाही करत असे. कविता लाडांची अनुराधा सोसते ते बरोबर की चूक, सासूने असं बोलावं का, यावर विहिरीवर, दळणाच्या रांगेत, बारामतीच्या एसटीत वाद रंगायचे. आपल्या घरातलं जे मोठ्याने बोलता येत नव्हतं, ते देशमुखांच्या घराच्या नावाने बोलून घेता यायचं. मालिका बघून बायका बिघडतात असं म्हणणाऱ्यांनी या गप्पा कधी कान देऊन ऐकल्या नसाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

या काळात पहिल्या वर्षी सून म्हणून आलेली मुलगी शेवटच्या वर्षापर्यंत शाळकरी मुलांची आई झाली होती, आणि टीव्हीपुढे तिच्या शेजारी बसणाऱ्या कितीतरी सासवा राहिल्या नव्हत्या. पडद्यापलीकडेही काळ थांबलेला नव्हता. 2008 च्या डिसेंबरमध्ये जयदेव हट्टंगडी गेले. ती मालिका सुरू असतानाच्या काळातली ही गोष्ट.

2013 च्या जानेवारीत देशमुखांचं घर बंद झालं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली. गोखल्यांच्या घरात नायक श्रीला वाढवणाऱ्या साऱ्या आया आणि त्या सगळ्यांच्या वर भागीरथीबाई, घराची आईआजी. काल ज्या सासूचा राग यायचा, तिच्याच चेहऱ्याची ही शहाणी, करारी, समंजस आजी प्रेक्षकांनी काही आठवड्यांत आपली मानली. हा बदल मला फार मोठा वाटतो. हजार तासांचा ठसा पुसून त्यावर नवं माणूस उभं करायचं, तेही वय, आवाज, चेहरा यांत काही न लपवता. काबुकीत शिकलेल्या बाईला आता रंगरंगोटीची गरज उरली नव्हती. बोलण्याआधीचा एक थांबा बदलला आणि सासूची आजी झाली.

2023 च्या जूनअखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा त्या 72 वर्षांच्या होत्या. सहा बहिणींतली थोरली जया त्यांनी केली. गावोगावच्या बायकांनी गट करून, ठेवणीतल्या साड्या नेसून, गाड्या ठरवून तो चित्रपट पाहिला. त्यातल्या पुष्कळ जणींनी रोहिणीताईंना तोवर घरातल्याच पडद्यावर पाहिलं होतं. याच्या आदल्या वर्षी, 2022 मध्ये, प्रशांत दळवी यांचं 'चारचौघी' चंद्रकांत कुलकर्णी यांच्याच दिग्दर्शनाखाली नव्याने रंगभूमीवर आलं. तीन मुलींच्या आईचं काम रोहिणीताईंकडे होतं, मुली होत्या मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे. नाटकात दुसरा टेक नसतो, वीज गेली म्हणून उद्या पुन्हा बघायची सोय नसते. तरी त्या प्रयोगामागून प्रयोग करत राहिल्या.