इंजिनाचे तेल आणि डब्यावरील अक्षरे

मागील उन्हाळ्यात दुधाचे कॅन वाहून पोट भरणारा आमच्या परिचयातील एक तरुण मोठ्या खिन्न मुद्रेने आमच्याकडे आला. "फादर, सर्वांत भारी सिंथेटिक तेल घातले, तरी गाडी बिदरचा चढ चढेना. इंजिन ओरडते, चाक मात्र फिरत नाही." चौकशी करता उलगडा झाला. दुकानदाराने त्याच्या मोटारसायकलीसाठी मोटारीचे तेल दिले होते! बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी द्रव्ये ज्यात मिसळलेली आहेत असे मोटारीचे तेल त्यात पडले की क्लचच्या चकत्या घसरू लागतात. डब्यावर 'जासो एमए' अथवा 'एमए २' ही खूण पाहावयास हवी होती. ती न पाहिल्यामुळे बिचाऱ्याला चकत्याही बदलाव्या लागल्या.

सिंथेटिक तेल वाईट, असे मात्र वाचकांनी समजू नये. साध्या खनिज तेलात लहानमोठे रेणू एकत्र नांदतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक क्रियेने घडविलेले व बरेचसे एकसारखे असतात. म्हणून ते उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि थंडीत गोठत नाही. तथापि या शब्दावरही फार भिस्त ठेवू नये. अतिशुद्ध केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाही, असा निर्णय १९९९ साली अमेरिकेतील जाहिरातविषयक एका वादात झाला. तेव्हापासून या एका नावाखाली निरनिराळ्या प्रतींची तेले विकली जातात.

'५डब्ल्यू-३०' यातील 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. '५डब्ल्यू' तेलाची थंडीतील परीक्षा उणे ३० अंशांवर होते, '२०डब्ल्यू'ची उणे १५ वर. आमच्या बिदरच्या पठारावर पौषातही पारा शून्याखाली जात नाही, आणि कलबुर्गीचा वैशाख तर ४० अंश ओलांडतो! तेव्हा ज्या जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत साधे '२०डब्ल्यू-४०' सांगितले आहे, त्याच्यावर दुप्पट खर्च कशाला? उलट, नव्या मोटारीला पातळ तेल सांगितले असेल तर उन्हाच्या भीतीने जाड घालू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ नियमांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. तीत तेलाची राख साचते. अशा गाडीला पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच तेल द्यावे. ही जाळी तुंबली, तर दुरुस्तीचा खर्च तेलाच्या कित्येक डब्यांना भारी पडतो.

राहता राहिली धूळ. शहाबाद-सेडमकडील फरशीच्या खाणी, तुरीची रास करताना उडणारा भुसा, बिदरची तांबडी माती, हे सारे हवेच्या फिल्टरमधून निसटले की तेलात उतरते व आतील भाग घासते. त्यावर कोणत्याही सिंथेटिक तेलाचा इलाज नाही. भारी तेल घातले म्हणून ते दुप्पट दिवस चालविणारे आम्ही पाहिले आहेत. पुस्तिकेत धुळीच्या प्रदेशासाठी तेल बदलण्याची मुदत बहुधा कमी दिलेली असते, पण ते पान कोण उघडतो?

आमच्या त्या तरुणाची पुस्तिका अखेर गाडीच्या सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी सापडली.