पोलादाचे भाडे कोणी भरले?

भिलाईहून मुंबईला निघालेली पोलादाची मालगाडी दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया करत आधी नागपूरला येते. दुर्ग ते नागपूर अंतर सुमारे २६५ किलोमीटर. तिथून मुंबई आणखी सव्वाआठशे किलोमीटरच्या पुढे. तरीही जवळपास साडेतीन दशके नागपूरच्या मालधक्क्यावर उतरणाऱ्या सळईचा सरकारी भाव आणि मुंबईत उतरणाऱ्या सळईचा भाव एकच होता. पोलादाचा कारखाना ज्या जमशेदपुरातच आहे, तिथल्या गिऱ्हाइकालाही तोच भाव. चेन्नईला तोच आणि लुधियानालाही तोच.

या व्यवस्थेचे नाव मालवाहतूक भाडे समानीकरण. सर्वसामान्य वाचकाच्या कानावरून हे नाव क्वचितच गेले असेल. पण बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल किंवा ओडिशात राजकारणाची चर्चा थोडी लांबली, की ते निघतेच. तिथल्या कित्येकांच्या मते त्यांच्या प्रदेशाच्या बेकारीची मुळे या धोरणात आहेत. महाराष्ट्राने हा विषय नीट समजून घ्यायला हवा, कारण या धोरणाचा लाभ ज्या राज्यांना झाला त्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांत महाराष्ट्राचाच एक भाग होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न खरा होता. लोहखनिज आणि कोळसा देशाच्या पूर्व भागात एकवटलेला. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीने कारखाना उभारला तोही याच कारणाने साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. १९५९ या एकाच वर्षात भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर इथल्या झोतभट्ट्या पेटल्या. पोलाद जिथे तयार होते तिथेच स्वस्त मिळाले, तर यंत्रांचे, मोटारींचे, पंपांचे कारखानेही तिथेच जातील आणि उरलेला देश कोरडा राहील, अशी भीती होती. एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावात प्रदेशाप्रदेशांतील विषमता कमी करण्याचे ध्येय नोंदवलेले आहे. त्याच वर्षापासून पोलाद आणि सिमेंट देशभर एकाच भावाने विकण्याची ही योजना अमलात आली.

तिचे गणित साधे होते. समजा, पोलादाचा कारखान्यातला भाव टनाला ५०० रुपये आहे. जवळच्या गिऱ्हाइकापर्यंत ते पोचवायला १० रुपये लागतात आणि मुंबईपर्यंत ९० रुपये. सगळ्यांचे सरासरी भाडे ५० रुपये धरले, तर दोघांनाही ५५० रुपयांना माल मिळणार. जवळच्याने ४० रुपये जास्त मोजायचे, ते सामाईक निधीत जायचे आणि त्यातून लांबच्या गिऱ्हाइकाच्या भाड्याची भरपाई व्हायची. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत हीच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे ४० रुपये म्हणजे करच होता, पण तो कुठल्याही अर्थसंकल्पात कर म्हणून दिसत नव्हता. तो पोलादाच्या भावात मुरलेला होता. विधानसभेत त्यावर मतदान झाले नाही आणि भरणाऱ्यालाही आपण काही भरतो आहोत याचा पत्ता नव्हता.

बेकारीचा संबंध येतो तो पुढच्या टप्प्यावर. पोलादाचा कारखाना अवाढव्य असतो, पण त्यात गुंतलेल्या भांडवलाच्या मानाने माणसे कमी लागतात. खरा रोजगार त्या पोलादापासून पुढे जे बनते त्यात आहे: सायकली, पंप, शेतीची अवजारे, नट-बोल्ट, कपाटे, पंखे, मोटारीचे सुटे भाग. लेथवर काम करणारा, वेल्डिंग करणारा, फोर्जिंगच्या घणाखाली तापलेले लोखंड धरणारा कामगार या धंद्यांत लागतो. असे कारखाने लावणारा उद्योजक आधी कच्चा माल कुठे स्वस्त पडेल ते बघतो. माल सगळीकडे एकाच भावाने मिळत असेल, तर मग बाजारपेठ, बंदर, बँका, वीज, कुशल कारागीर हे सारे जिथे आधीपासून आहे तिथे तो जाणार. आसनसोल-धनबाद पट्ट्याकडे पोलादाचे सान्निध्य हे एकच मोठे भांडवल होते आणि या धोरणाने नेमके तेच निकामी केले.

सायकलीचे उदाहरण बोलके आहे. लुधियानाच्या आसपास ना लोहखनिज, ना कोळसा. हिरो सायकल्सची सुरुवात तिथे १९५६ मध्येच झाली आणि पुढे ते शहर देशाच्या सायकलधंद्याची राजधानी बनले. दुसरीकडे सेन-रॅले हा नावाजलेला सायकल कारखाना आसनसोलला होता, बर्नपूरच्या पोलाद कारखान्याच्या अगदी शेजारी. तो आजारी पडला, सरकारने ताब्यात घेतला आणि अखेर बंद झाला. या दोन शहरांचे नशीब केवळ भाड्याने ठरले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लुधियानाच्या कारागिरांचे कसब खरेच अव्वल होते. पण शेजारचे पोलाद शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या भावाने मिळाले असते, तर आसनसोलची बाजू इतकी लंगडी पडली नसती.

महाराष्ट्राचेही असेच. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे, किर्लोस्करवाडी १९१० ची. मुंबईच्या गिरण्यांनी यंत्रे सांभाळणाऱ्या फिटर-टर्नरांच्या पिढ्या घडवल्या. ही पुण्याई भाडे समानीकरणाच्या आधीची आहे आणि तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर वसले. टेल्कोचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनत होते. कंपनीचा दुसरा मोठा प्रकल्प साठच्या दशकात पुण्याला आला. ओतीवकामाचे आणि फोर्जिंगचे धंदे आसपास वाढत गेले. या सगळ्याला लागणारे पोलाद हजार-दीड हजार किलोमीटरवरून येत होते आणि त्या अंतराच्या भाड्याचा बराचसा वाटा कोणीतरी दुसराच भरत होता.

पूर्वेकडच्या लोकांना सर्वांत जास्त सलते ती गोष्ट कापसाची. पोलाद आणि सिमेंट सगळ्यांना सारख्या भावात, पण पश्चिम भारतातला कापूस तसा दिला गेला नाही. पश्चिम बंगालचे माजी अर्थमंत्री, अर्थतज्ज्ञ अशोक मित्र वर्षानुवर्षे या धोरणावर टीका करत राहिले. पूर्वेच्या खनिजाचा लाभ सगळ्या देशाने वाटून घ्यायचा, तर पश्चिमेच्या कापसाचा का नाही, या प्रश्नाला दिल्लीकडून पटण्याजोगे उत्तर कधी मिळाले नाही.

आणि ज्या मागास भागांसाठी हे सारे केले, त्यांना काय मिळाले? समान भाव होता तो रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत. तिथून पुढे ट्रकचे भाडे ज्याचे त्याने भरायचे. बीड शहराला रेल्वे मिळाली ती २०२५ मध्ये. मराठवाड्याचा मोठा भाग दशकानुदशके मीटरगेजवर होता. अशा भागातल्या उद्योजकाला स्वस्त पोलादाचा फायदा मुंबईकराइतका कसा मिळणार? सवलत मिळाली ती अंतराला. मागासलेपण हा निकष त्यात कुठे नव्हताच.

विदर्भाची स्थिती आणखी विचित्र झाली. भिलाई उशाशी, चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी हाताशी, हावडा-मुंबई हा हमरस्ता दारातून गेलेला. नागपूरच्या कारखानदाराला पोलाद आणि सिमेंट मुंबईपेक्षा बरेच स्वस्त पडायला हवे होते. ते पडले नाही. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा सिंचन, रस्ते आणि निधीभोवती फिरते. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने तिला आकड्यांचा पाया दिला. पण भावात मुरलेल्या या भाड्याचा अनुशेष कोणी मोजला नाही, आणि मागण्यांच्या यादीतही तो फारसा दिसत नाही.

पूर्वेची घसरण आकड्यांत उघड दिसते. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार १९६०-६१ मध्ये देशाच्या उत्पन्नात पश्चिम बंगालचा वाटा १०.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ५.६ टक्क्यांवर आला. तिथले दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या १२७.५ टक्के होते, ते ८३.७ टक्के झाले. याचे सारे खापर भाड्यावर फोडता येणार नाही. फाळणीने तागाच्या गिरण्या आणि तागाची शेते वेगळी केली. साठच्या दशकाच्या मध्यात रेल्वेने वॅगनची खरेदी घटवली आणि हावड्याच्या अभियांत्रिकी कारखान्यांचा कणा मोडला. पुढे घेराव, संप आणि राजकीय हिंसाचार यांनी भांडवल पळाले. बिहारात जमीन सुधारणा रखडल्या आणि शाळांची दैना झाली.

मग भाड्याचा वाटा किती? जॉन फर्थ आणि अर्नेस्ट लिऊ या अर्थतज्ज्ञांनी राज्यवार आणि उद्योगवार आकडेवारी तपासून याचा शोध घेतला. पोलाद जास्त वापरणारे उद्योग या धोरणामुळे हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे काही एका वर्षात घडले नाही. जुने कारखाने चालत राहिले, पण नवी गुंतवणूक दुसरीकडे जात गेली. त्यामुळे बेकारी कारखान्याला टाळे लागून एकदम आली नाही. बापाची नोकरी टिकली आणि मुलाला मिळाली नाही, अशा रीतीने ती आली.

त्या मुलाने गाडी पकडली. लुधियाना, सुरत, मुंबई, पुणे. लोखंडाला अंतराचे भाडे पडत नव्हते, माणसाला मात्र पूर्ण पडत होते, आणि तिकिटापेक्षा कितीतरी मोठी किंमत म्हणजे घर सुटणे, बायकामुले गावी राहणे, झोपडपट्टीतली दाटी. मुंबईत परप्रांतीयांवरून वाद पेटतो तेव्हा त्यांच्या गावाकडचे काम कुठे गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्यातले काही काम आपल्याकडेच आले होते.

हे धोरण चुकते आहे हे दिल्लीला कळले नव्हते असेही नाही. १९८० मध्ये बी. डी. पांडे यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीने ते मोडीत काढण्याची शिफारस केली. सिमेंट १९८९ मध्ये पूर्ण नियंत्रणमुक्त झाले. पोलादाचे समानीकरण जानेवारी १९९२ मध्ये संपले, तेही एकदम नाही. आधी भाड्यावर कमाल मर्यादा आली आणि ती पुढे हटवली गेली. शिफारशीपासून निर्णयापर्यंत एक तप गेले. लाभार्थी राज्ये संघटित आणि बोलकी होती, हे त्याचे एक कारण मानायला हरकत नाही.

समानीकरण उठल्यावर उद्योग परत गेले का? फर्थ आणि लिऊ यांच्या अभ्यासाचे उत्तर आशादायक आहे. धोरण लागू होताना जितका परिणाम झाला, सरासरीने तितकाच उलट परिणाम ते उठल्यावर झाला. मात्र जिथे कारखाने, पुरवठादार आणि कारागीर यांचे दाट जाळे एकदा विणले गेले होते, तिथून ते सहज हलले नाहीत.

वाहतुकीच्या दरांतून असे छुपे हस्तांतर आजही चालते. रेल्वे प्रवासी तिकिटांची तूट मालवाहतुकीच्या कमाईतून भरून काढते आणि कोळशाच्या वाढीव भाड्याचा भार विजेच्या बिलात येतो. याच्या शेजारी एसटीची सवलत ठेवून पाहावी. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एसटीचे निम्मे तिकीट आहे. धुणीभांडी करणारी, तालुक्याच्या गावी नोकरीला जाणारी बाई या निम्म्या तिकिटामुळे आठ-दहा किलोमीटर पलीकडचे काम धरू शकते. ही सवलत योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, पण तिची भरपाई राज्य सरकार एसटी महामंडळाला देते, तो खर्च उघड आहे आणि त्यावर वाद घालता येतो. भाडे समानीकरणात तीच सोय नव्हती.

आता गडचिरोलीकडे पाहावे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज निघू लागले आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला प्रकल्प उभा राहिला आहे, वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम हाती आहे. खाण आणि भट्टी यांतून मिळणाऱ्या नोकऱ्या मर्यादित असतात. फॅब्रिकेशनची शेड, अवजारांचा कारखाना, सुट्या भागांचे वर्कशॉप चामोर्शी-देसाईगंजला निघणार की तयार माल थेट चाकण-रांजणगावला जाणार, हे अजून ठरायचे आहे. रेल्वेचे भाडे, मालधक्क्याची सोय आणि विजेचा दर यांवर ते ठरेल, आणि या तिन्ही गोष्टी ठरतात मुंबईत आणि दिल्लीत.