पाच तारे आणि जळका वास

गेल्या डिसेंबरात आमचा गिझर बिघडला. नाशिकची थंडी आणि सकाळची घाई, म्हणून माळ्यावरून हीटरचा रॉड काढला आणि ऑनलाइन मागवलेल्या 249 रुपयांच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला. तिसऱ्या दिवशी घरभर जळका वास सुटला. बोर्डाचं एक सॉकेट तपकिरी पडून फुगलं होतं. वायरमननं चार स्क्रू काढून बोर्ड उघडला आणि हसलाच. आत कागदासारख्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या होत्या. अर्थिंगचं भोक होतं, पण त्यामागे ना पट्टी ना वायर. केबल ब्लेडनं खरवडली, तर तांबूस मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. "काका, रंगाचे पैसे दिलेत तुम्ही," तो म्हणाला.

त्यानंतर सोसायटीत चौकशी केली, तर घरोघरी असाच एखादा किस्सा निघाला. वस्तू वेगवेगळ्या होत्या, पण त्या घेताना केलेले हिशेब सारखेच चुकलेले होते.

गैरसमज : बोर्डावर '16 ॲम्पियर' छापलंय, म्हणजे काहीही लावलं तरी चालेल.

वस्तुस्थिती : छापायला शाई लागते, 16 ॲम्पियर वाहून न्यायला तांबं लागतं. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. आमचा रॉड 1500 वॅटचा, म्हणजे साधारण साडेसहा ॲम्पियर. साध्या 6 ॲम्पियरच्या सॉकेटची मर्यादा 1380 वॅटलाच संपते. त्यात केबल बारीक आणि ॲल्युमिनियमची. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ॲल्युमिनियमचा रोध सुमारे दीडपटीहून जास्त असतो. शिवाय विद्युतप्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. आणखी एक गोष्ट : ज्या सॉकेटात देशोदेशीच्या सगळ्या पिना बसतात, त्यात कुठलीच पिन घट्ट बसत नाही. सैल पिनेपाशी ठिणग्या उडतात आणि प्लास्टिक वितळायला तिथूनच सुरुवात होते. रॉड, इस्त्री, गिझर यांची जागा भिंतीतल्या 16 ॲम्पियरच्या पॉइंटवर. एक्स्टेंशन बोर्ड मोबाइल-लॅपटॉपसाठी ठेवावा.

गैरसमज : काही झालंच तर एमसीबी पडेल.

वस्तुस्थिती : आमचा पडला नाही, आणि त्यात त्याची चूकही नव्हती. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो. 16 ॲम्पियरच्या एमसीबीला साडेसहा ॲम्पियर म्हणजे रोजचंच काम. बोर्डातली वायर तापतेय किंवा पिन सैल आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही, कारण त्यामुळे प्रवाह वाढत नाही. शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. घरगुती आरसीसीबी सहसा 30 मिलिॲम्पियर गळतीला वीज तोडतो. पण बोर्डाला अर्थिंगच नसेल, तर इस्त्रीच्या पत्र्यात उतरलेल्या विजेला वाट मिळत नाही. मग ती गळती पहिल्यांदा होते ती हात लावणाऱ्या माणसातून.

गैरसमज : चार्जरवर 'सीई' छापलंय, म्हणजे तपासलेला माल.

वस्तुस्थिती : सीई हे युरोपच्या बाजारपेठेचं चिन्ह. अशा बहुतेक वस्तूंवर ते उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. भारतातल्या परवान्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे इस्त्री, गिझर, रॉड, केबल यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि त्याखाली 'सीएम/एल' नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलचे चार्जर आणि पॉवर बँक यांच्यावर 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतं. म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकून पाहावा. उत्पादकाचं नाव आणि वस्तू दोन्ही जुळली पाहिजेत, कारण खरा क्रमांक भलत्याच मालावर छापल्याचंही आढळतं. मोठ्या साइटवरून घेतलं म्हणून निर्धास्त राहू नये. मार्च 2025 मध्ये ब्यूरोनं दिल्लीत ऑनलाइन विक्रीच्या एका गोदामावर छापा घातला, तेव्हा गिझर-मिक्सरसारख्या साडेतीन हजारांहून अधिक वस्तू विनाचिन्ह किंवा बनावट चिन्हाच्या सापडल्या होत्या.

गैरसमज : पॉवर बँक दहा हजाराची, फोन पाच हजाराचा, दोनदा चार्ज झाला नाही म्हणजे फसवलं.

वस्तुस्थिती : इथे विक्रेता खरा असू शकतो. ते दहा हजार मिलिॲम्पियर-तास आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेले असतात, बाहेर मिळतात ते 5 व्होल्टवर. हिशेब केला की 7400 उरतात, आणि उष्णतेत जाणारी वीज वजा केली की साडेसहा हजारांच्या आसपास. फसवणूक ओळखायची असेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढावा. बाजारात सर्रास मिळणारा चांगला 18650 सेल जास्तीत जास्त साडेतीन हजार मिलिॲम्पियर-तासांचा असतो आणि त्याचं वजन 45 ते 50 ग्रॅम भरतं. तीस हजारांसाठी असे नऊ सेल, म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर. डबी दोनशे ग्रॅमची भरली, तर आकडा खोटा.

गैरसमज : 'वीज बचत' करणारी डबी प्लगमध्ये लावली की बिल कमी येतं.

वस्तुस्थिती : आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारू शकतो, पण घरचं बिल येतं किलोवॅट-तासांवर, आणि ते त्यानं घटत नाहीत. हिवाळ्यात पंखे बंद होतात, बिल उतरतं आणि श्रेय डबीला जातं.

गैरसमज : परत करायची मुदत संपली, आता काही होणार नाही.

वस्तुस्थिती : सात दिवसांची मुदत ही विक्रेत्याची, कायद्याची नव्हे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते आणि मोबदल्यात दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. फक्त जळकी वस्तू रागानं फेकू नका. ती, तिचं खोकं आणि बिल हाच पुरावा.

राहिला सगळ्यात गोड गैरसमज : हजारो लोकांनी पाच तारे दिलेत, ते काय सगळे खोटे? नाही, त्यातले बरेच खरे असतात. वायरमन गेल्यावर मी तो बोर्ड पुन्हा साइटवर शोधला. खाली माझाच अभिप्राय होता, वस्तू हातात पडली त्या संध्याकाळचा : "रंग छान, लवकर पोचला." पाच तारे. तेव्हा बोर्डावर फक्त मोबाइल लागला होता. मी चार तारे काढून घेतले आणि उघड्या बोर्डाचा फोटो जोडला, अर्थिंगच्या रिकाम्या भोकासकट.