मुलांचें क्षेत्रफळ आणि आपलें शेत

चौथीच्या विद्यार्थ्यास आयताचें क्षेत्रफळ विचारा. तो ‘लांबी गुणिलें रुंदी’ असें तत्काळ सांगेल. परंतु त्यालाच बांधावर उभा करून, हें शेत किती व त्यास कुंपण किती लागेल, असें विचारल्यास तो बहुधा घुटमळतो. सूत्र पाठ झालें. पण परिमिति म्हणजे कडेची लांबी व क्षेत्रफळ म्हणजे आंतली जागा, हा भेद मनांत ठसला नाहीं, हेंच त्याचें कारण होय.

हा भेद अंगणांत शिकवितां येतो. २० हात दोरीचीं टोकें बांधून मुलांकडून प्रथम ५ हात बाजूचा चौरस करवावा व आंत हाता-हातावर रेघा ओढवून घरें मोजवावीं. तीं २५ भरतात. मग त्याच दोरीचा ८ हात लांब व २ हात रुंद आयत करवावा. आतां घरें १६ च. दोरी तीच, जागा मात्र ९ घरांनीं घटली! ३३ फूट साखळीच्या बाजूचा चौरस म्हणजे १ गुंठा व ४० गुंठ्यांचा १ एकर, हेंहि त्याच वेळीं सांगावें.

मोठ्यांची चूक याहून महाग पडते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्यांचा गुणाकार करण्याची रीत पुष्कळ जण वापरतात. शेताचे चारी कोपरे काटकोनी असतील तरच ती बरोबर. एरव्हीं ती क्षेत्र फुगवूनच दाखविते. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्येंच या रीतीस स्थूल म्हटलें आहे. आणि केवळ चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाहीं, कर्ण किंवा लंब ठाऊक पाहिजे, असें भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या ‘लीलावतीं’त बजाविलें आहे.

उदाहरण घ्या. चारी बाजू १३-१३ साखळ्यांच्या, पण शेत तिरकें. वरील रीतीनें १६९ गुंठे, म्हणजे ४ एकर ९ गुंठे येतात. आतां लांब कर्णावर दोरी धरा. ती २४ साखळ्या भरली व उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून तिच्यावरील लंब ५-५ साखळ्या आले. प्रत्येक त्रिकोण २४ गुणिलें ५ भागिलें २, म्हणजे ६० गुंठे. एकूण १२० गुंठे, बरोबर ३ एकर. एकरी भावानें खरेदी करणारा १ एकर ९ गुंठ्यांचा पैसा नसलेल्या जमिनीसाठीं मोजील!

सबब बंधुहो, येत्या सुटींत मुलामुलींच्या हातीं दोरी व खुंट्या देऊन आपलें शेत कर्णानें मोजवून घ्या व आंकडा सातबाऱ्याशीं ताडून पाहा. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें; १ एकर म्हणजे सुमारें ४०॥ आर. मुलांचें गणित पक्कें होईल, आणि उद्यां वाटणीच्या वेळीं दुसऱ्याच्या आंकड्यावर विसंबण्याची पाळी त्यांजवर येणार नाहीं.